पैलवानांना वाळवणं थांबवा

प्रति,
राज्यातील कुस्ती संघटनांचे पदाधिकारी, जिल्हा व शहर तालीम संघ, शालेय स्पर्धा भरवणारे क्रीडा अधिकारी आणि गावोगावच्या तालमींचे वस्ताद यांस

सप्रेम नमस्कार.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी डॉक्टर आहे. आसपासच्या तालमींतली मुलं माझ्याकडे येतात. एरवी त्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात : खांदा निखळला, गुडघा सुजला, कानात रक्त साकळलं. स्पर्धेच्या आठवड्यात मात्र तक्रारी बदलतात. पोटऱ्यांत गोळे येतात, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीत धडधडतं, लघवी चहासारखी होते. कारण विचारलं की मुलं सहज सांगतात, "वजन उतरवतोय, मॅडम." जणू परीक्षेच्या आधी अभ्यास करतोय म्हणावं, तितकं सहज.

खालच्या वजनगटात खेळता यावं म्हणून चार दिवसांत चार-पाच किलो उतरवण्याची ही रीत आपल्या कुस्तीत इतकी मुरली आहे, की तिला कोणी रीतसुद्धा म्हणत नाही. ती मेहनतीचाच भाग समजली जाते. ती मेहनत नाही. तो आजार आहे, आणि आपण तो मुलांना स्वतःच्या हातांनी लावतो. तो थांबवणं एकट्या पैलवानाच्या किंवा एकट्या वस्तादाच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

तालमींत काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको, पण ते एकदा कागदावर यायला हवं. स्पर्धेला चार-पाच दिवस उरले की आधी भाकरी-भात बंद होतो, मग मीठ. शेवटचे दोन दिवस पाण्यावर येतात. घोटभर पाण्याने तोंड ओलं करायचं आणि थुंकून टाकायचं. अंगात स्वेटर, वर प्लास्टिकचा सूट, तो नसेल तर रेनकोट, आणि भर उन्हात पळायचं. पळून झालं की ब्लँकेटं पांघरून बसायचं. लॉजच्या बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून, दार लावून, वाफेत जोर मारायचे. एवढ्यानेही काटा हलला नाही तर जुलाबाची गोळी, तीही पुरली नाही तर लघवीची. आणि मग वजन झालं रे झालं की त्याच मुलाला सलाईन लावायला धावपळ सुरू होते.

आता यातून शरीरातून नेमकं काय जातं, ते बघा. साधा हिशेब आहे. एक किलो चरबी जाळायला साधारण ७,७०० कॅलरी खर्च व्हाव्या लागतात. चार किलो चरबी म्हणजे ३०,००० च्या वर. चांगला दणकट पैलवान दिवसाला तीन-चार हजार कॅलरी खातो. त्याने चार दिवस अन्नाला शिवायचं नाही असं ठरवलं तरी चार किलो चरबी जाणं शक्य नाही. मग काट्यावर जे चार किलो कमी दिसतात ते कशाचे? बहुतांश पाण्याचे. स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, आणि तिच्यासोबत धरून ठेवलेलं तिच्या तिप्पट पाणी. रक्तातलं पाणी. पेशींमधलं पाणी. ज्या साठ्यावर सहा मिनिटांची कुस्ती खेळायची असते, नेमका तोच साठा आपण कुस्तीच्या आदल्या दिवशी रिकामा करतो.

रक्तातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं. हृदयाला तेवढंच काम करायला जास्त ठोके टाकावे लागतात. त्वचेकडे जाणारं रक्त कमी होतं, घाम आटतो आणि शरीराची उष्णता बाहेर पडण्याचा रस्ताच बंद होतो. त्यात वरून प्लास्टिकचा सूट असेल तर जो थोडाफार घाम येतो तोही वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलं की मेंदू, यकृत, मूत्रपिंड एकामागून एक मार खायला लागतात. लघवीच्या आणि जुलाबाच्या गोळ्यांनी पाण्याबरोबर पोटॅशियमही वाहून जातं, आणि पोटॅशियम घसरलं की हृदयाची लय बिघडते. विशीतला, अंगाने पिळदार मुलगा पळता पळता कोसळतो तेव्हा लोक म्हणतात, "एवढा धट्टाकट्टा होता, कसं काय झालं?" अनेकदा ते असं होतं.

चहाच्या रंगाच्या लघवीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तालमीत तिला "उष्णता झाली" म्हणून सोडून देतात आणि सब्जा पाजतात. कोरड्या पडलेल्या शरीराला अति मेहनत दिली की स्नायूंचे तंतू तुटतात आणि त्यातलं द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकतं. मूत्रपिंडं निकामी व्हायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. अशी लघवी दिसली तर त्या दिवशी सराव नाही, वजन नाही, स्पर्धा नाही. थेट दवाखाना.

"वजन झाल्यावर दोन तासांत सगळं भरून निघतं" हे वाक्य मी इतक्या वस्तादांकडून ऐकलं आहे, की त्याचं उत्तर इथे देते. पोटात गेलेलं पाणी म्हणजे पेशींत पोहोचलेलं पाणी नव्हे. मोठ्या प्रमाणात गेलेलं पाणी आणि क्षार नीट जागेवर यायला एक-दोन दिवस लागतात, स्नायूंतली साखर भरायलाही तितकाच वेळ लागतो. दोन तासांत काटा वर जातो, पैलवान नाही. दुसऱ्या फेरीत हात का सुटतात, शेवटच्या मिनिटाला पाय का जड होतात, याचं उत्तर अनेकदा डावपेचांत नसून आदल्या रात्रीच्या त्या वाफेच्या खोलीत असतं.

सलाईनबद्दल तर नियमच आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार, रुग्णालयातल्या उपचारांसारखी वैद्यकीय कारणं सोडली, तर १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून देणं निषिद्ध आहे. लघवीच्या गोळ्याही निषिद्ध यादीत आहेत, त्याही केवळ स्पर्धेच्या दिवशी नव्हे, तर बारा महिने. किती मुलांना हे माहीत आहे? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना नाही. वस्तादांच्या सांगण्यावरून घेतलेल्या एका गोळीने त्यांच्यावर बंदी येऊ शकते, आणि ती गोळी देणारा कुठेच सापडत नाही.

याने माणसं मरतात, हे मी भीती घालायला म्हणत नाही. १९९७ साली अमेरिकेत नोव्हेंबर आणि डिसेंबर मिळून जेमतेम पाच आठवड्यांत तीन विद्यापीठांचे तीन पैलवान मेले. वयं १९, २२ आणि २१. तिघेही गटात बसण्यासाठी घाम काढत होते, तिघांच्याही अंगात घाम न सोडणारे सूट होते, तिघेही गरम खोलीत व्यायाम करत होते. एकमेकांना न ओळखणारी, वेगवेगळ्या राज्यांतली मुलं एकाच पद्धतीने गेली. तिथल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी पैलवानांच्या वजन उतरवण्याविरुद्ध १९७६ पासून लेखी इशारे दिले होते. ते कागदावर राहिले. तीन मुलं गेल्यावर मात्र महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेने त्याच हंगामात रबरी सूट आणि सौना, म्हणजे घाम काढायच्या गरम खोल्या, यांवर बंदी घातली, वजनं लढतीच्या अगदी जवळ आणली, आणि पुढच्या हंगामापासून प्रत्येक पैलवानाचं किमान वजन आधीच ठरवायला सुरुवात केली. त्या नियमांकडे मी पुढे येते, कारण माझी मागणी तीच आहे.

आपल्याकडे या विषयावर सगळ्यात जास्त बोललं गेलं ते ऑगस्ट २०२४ मध्ये. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलोच्या गटात विनेश फोगटने ६ ऑगस्टला एका दिवसात तीन कुस्त्या मारल्या. पहिलीच कुस्ती जपानच्या युई सुसाकीविरुद्ध, जी परदेशी खेळाडूंकडून तोवर कधी हरलेली नव्हती. ऑलिंपिक कुस्तीच्या अंतिम फेरीत पोचणारी विनेश पहिली भारतीय महिला ठरली. त्या संध्याकाळी तिचं वजन ५० च्या वर २.७ किलो भरलं. रात्रभर व्यायाम, सौना, पाणी बंद, केस कापणं, कपडे आखूड करणं. सकाळी काटा ५० किलो १०० ग्रॅमवर थांबला. ती अपात्र ठरली, पाणी कमी झाल्यामुळे तिच्यावर उपचार करावे लागले, आणि १४ ऑगस्टला क्रीडा लवादाने तिचं अपील फेटाळलं.

आपण सगळे त्या १०० ग्रॅमवर भांडलो. चूक कोणाची, कट कोणाचा, केस आणखी का नाही कापले, इथवर चर्चा गेली. मला त्या दिवसांत सारखं वाटत होतं, की आपण चुकीच्या आकड्याकडे बघतोय. बघायचा आकडा १०० ग्रॅम नव्हे. एरवी ५३ किलोत खेळणाऱ्या बाईला ५० किलोत उतरावं लागलं, कारण ५३ ची ऑलिंपिकची जागा अंतिम पंघाल या दुसऱ्या पैलवान मुलीने आधीच मिळवलेली होती. आणि ते उतरवणं सलग दोन दिवस, दोनदा करायचं होतं. रात्रभरात अडीच किलोच्या वर पाणी काढूनही ती अंतिम सामन्याच्या तयारीत होती. तिच्या जिद्दीला हात जोडावेत तितके थोडे. पण डॉक्टर म्हणून सांगते, त्या सकाळी काटा ५० वर थांबला असता आणि ती मॅटवर उतरली असती, तर मला तिची जास्त काळजी वाटली असती.

याच पॅरिसमधला दुसरा दाखला वस्ताद मला देतात, आणि तो टाळून चालणार नाही. ५७ किलोत अमन सेहरावतने ब्राँझ मिळवलं. उपांत्य फेरीनंतर त्याचं वजन ६१.५ किलो होतं, आणि साधारण दहा तासांत त्याने ४.६ किलो उतरवले, हे सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. त्याला उपांत्य फेरीत हरवणारा जपानचा रेई हिगुची सुवर्ण घेऊन गेला. हा हिगुचीच २०२१ च्या आशियाई पात्रता स्पर्धेत ५० ग्रॅम जास्त भरल्याने बाहेर पडला होता. "बघा मॅडम, जमतंय की!" असं मला सांगितलं जातं. जमलं, हे खरं आहे. पण अमनबरोबर त्या रात्री प्रशिक्षक आणि वैद्यकीय पथक होतं, ते जागं होतं. आपल्या तालमीतल्या पोराबरोबर रात्री कोण असतं? आणि तोच अमन सप्टेंबर २०२५ मध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत १.७ किलो जास्त भरून न खेळता परतला. शरीर एकदा ऐकतं, दोनदा ऐकतं, प्रत्येक वेळी ऐकेलच असं नाही.

झाग्रेबनंतर राष्ट्रीय महासंघाने त्याच्यावर वर्षाची बंदी घातली आणि पुढे ती मागेही घेतली. अशा शिक्षेमागची चीड मी समजू शकते. परदेशी जाऊन न खेळता यायचं म्हणजे देशाची जागा वाया. पण वजन चुकलं म्हणून पैलवानाला शिक्षा करायची वाट राज्यात, जिल्ह्यात आणू नका. शिक्षेची भीती आली की मुलगा जास्त जेवण्याऐवजी जास्त गोळ्या खाईल, चक्कर आली तरी लपवेल. काट्यावर चुकलेल्या मुलामागे त्याला त्या गटात नाव घालायला लावणारी मोठी माणसं असतात. विचारायचं असेल तर त्यांना विचारा.

मोठ्यांचं ठेवू बाजूला. मला झोप लागू देत नाहीत ती चौदा ते सतरा वयाची मुलं.

एका उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास दोन मुलं मोटारसायकलवर तिसऱ्याला मध्ये धरून घेऊन आली. वय सोळा. स्वेटर, त्यावर रेनकोट, अंग तव्यासारखं तापलेलं, आणि बोलणं असंबद्ध. मला तो आत्या म्हणत होता. आम्ही त्याचे कपडे कापून काढले, समोरच्या रसवंतीतून बर्फ आणला, पाण्याच्या टपात बसवलं. तो वाचला. मूत्रपिंडाचे रिपोर्ट ताळ्यावर यायला पुढे बरेच आठवडे गेले. पण मला आठवतं ते त्याच्या वडिलांचं वाक्य. रात्री मुलगा शुद्धीवर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "शनिवारी वजनाला उभा राहील ना, बाई?" त्या माणसावर मी रागावू शकले नाही. दुसऱ्याच्या शेतात राबणारा माणूस, दुधाचं रतीब मोडून मुलाच्या खुराकाला पैसे घालणारा. त्याला मेडलपलीकडे काय दिसणार? खेळाचं प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पोलिसभरती आहे. एका गटाने खाली खेळलं तर मेडल जवळ येतं असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. हे सांगणारे आपल्याच कुस्तीतले लोक आहेत.

या वयात हाडं लांबत असतात, स्नायू भरत असतात, पुरुषी संप्रेरकं नुकती जागी होत असतात. वारंवार उपाशी ठेवलं की शरीर आधी जगायचं बघतं आणि वाढ मागे टाकतं. संप्रेरकं घसरतात, रोगप्रतिकार कमी होतो, एकाग्रता जाते, चिडचिड वाढते. शाळेत बाकावर डोकं टेकून झोपणाऱ्या पैलवान मुलाला मास्तर आळशी म्हणतात. आणखी एक गोष्ट आई-वडिलांच्या लक्षात येते, तालमीच्या येत नाही : स्पर्धा संपली की मुलगा अधाशासारखा खातो, चार दिवसांत सहा किलो वाढवतो, मग पुढच्या स्पर्धेला पुन्हा उपास. अन्नाशी असलेलं साधं, सुखाचं नातं तुटतं ते कायमचं तुटू शकतं. कुस्ती सुटल्यावर तिशीत सुटलेली पोटं, मधुमेह आणि रक्तदाब घेऊन माझ्याकडे येणारे जुने पैलवान मी बघते तेव्हा मला ही ओढाताण आठवल्याशिवाय राहत नाही.

मुलींबद्दल लिहिताना मी जरा जास्त थांबणार आहे, कारण त्या हे वस्तादांना सांगत नाहीत, मला सांगतात. २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, प्रतीक्षा बागडीने किताब मिळवला, आणि तेव्हापासून आमच्या भागात तालमीत येणाऱ्या मुली वाढलेल्या मला दिसतात. याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यातल्या काही जणींची पाळी महिनोन् महिने येत नाही. काहींना तर ते बरंच वाटतं. एक कटकट गेली, आणि पाळीच्या दिवसांत वजन वाढतं ती भीतीही गेली. हे बरं नाही. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर पाळी बंद करतं, आणि त्याबरोबर हाडं भरणंही थांबवतं. हाडांची भर आयुष्यात एकदाच पडते, ती विशीच्या आसपास पुरी होते. सतराव्या वर्षी हरवलेली हाडाची ताकद चाळिशीत औषधाने परत येत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन जगभरच्या प्रशिक्षकांना सावध केलं. त्यात मुलांचाही समावेश केला. वस्ताद, मुलीला पाळीबद्दल विचारायला तुम्हाला संकोच वाटत असेल तर तालमीत एखादी ताई, एखादी शिक्षिका नेमा. पण कोणीतरी विचारलं पाहिजे. तीन महिने पाळी नसलेल्या मुलीला वजन उतरवायला लावणं म्हणजे पिचलेल्या हाडावर कुस्ती खेळवणं.

आता आपल्या मातीतलं बोलू. जत्रेच्या फडात काटा नसतो. दोन पैलवान समोरासमोर उभे करतात, पंच आणि जाणती माणसं अंगलट बघतात आणि जोड लावतात. आपली सगळी कुस्ती वजन वाढवण्यावर उभी राहिली : दूध, तूप, बदामाची थंडाई, मटणाचा रस्सा. खुराक परवडत नाही म्हणून पैलवानी सुटली, ही गोष्ट इथल्या घराघरांत आहे. मॅट आली, वजनगट आले, ते हवेच होते. हलक्या अंगाच्या मुलाला न्याय त्यामुळेच मिळाला. पण वर्षभर कर्ज काढून खाऊ घालायचं आणि शेवटच्या चार दिवसांत तेच अंगावरून काढून टाकायचं, हे कुठल्या परंपरेत बसतं? ज्याला उपाशी राहून ५७ मध्ये बसावं लागतं, त्याच्या खुराकावर घातलेले पैसे कोणासाठी घातले?

खाशाबा जाधवांचं नाव आपण प्रत्येक स्पर्धेच्या उद्घाटनाला घेतो. त्यांच्या कारकिर्दीतली एक गोष्ट मात्र कोणी मुलांना सांगताना मी ऐकलेलं नाही. १९४८ ला लंडनमध्ये ते फ्लायवेटमध्ये, म्हणजे ५२ किलोच्या गटात खेळले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ते बँटमवेटमध्ये, ५७ किलोच्या गटात खेळले आणि ब्राँझ घेऊन गोळेश्वरला परतले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक वरच्या गटात गेल्यावर आलं आहे. अलीकडचं बघायचं तर पाटोद्याचा राहुल आवारे. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलोत सुवर्ण मिळवलं, आणि पुढच्याच वर्षी नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत ब्राँझ. वर जाणं म्हणजे माघार घेणं नव्हे, हे महाराष्ट्राच्या पैलवानांनी आधीच दाखवून दिलं आहे.

अडचण कुठे आहे तेही मान्य करते. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइलला सहाच गट आहेत. ५७ नंतर एकदम ६५. ज्याचं अंग नैसर्गिकपणे ६१ चं, त्याने काय करायचं? हा प्रश्न जागतिक संघटनेने सोडवायचा आहे. तिने २०१८ पासून वजन स्पर्धेच्या सकाळी घ्यायला सुरुवात केली आणि काही स्पर्धांत २ किलोची सवलतही दिली, पण गटांमधली दरी तशीच आहे. मात्र आपल्या तालुक्याच्या शालेय स्पर्धेत, जिल्हा निवडचाचणीत खेळणारी शेकडो मुलं ऑलिंपिकला चाललेली नाहीत. त्यांच्यावर ती दरी लादायचं कारण नाही.

"सगळेच उतरवतात, मी एकट्याने नाही उतरवलं तर माझा पोरगा मार खातो." हे वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच मी हे पत्र पालकांना न लिहिता तुम्हाला लिहिलं. एकाने थांबायचं म्हटलं तर तो हरतो. सगळ्यांनी एकदम थांबवलं तर कोणीच हरत नाही, कारण ५७ च्या गटात उतरून आलेले सगळे खरे ६१ चेच असतात. ते सगळे ६१ ला खेळले तर जोड तीच लागते, फक्त पाणी पिऊन आणि जेवून. हे एकदम थांबवणं नियमानेच होतं, आणि नियम करणं तुमच्या अखत्यारीत आहे.

तर माझी मागणी अशी. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक पैलवानाची तपासणी व्हावी. आधी लघवीची घनता बघायची. अमेरिकेत महाविद्यालयीन मुलांसाठी ती १.०२० च्या आत लागते, म्हणजे मुलगा कोरडा पडलेला नाही याची खात्री होते. मग वजन आणि चरबीचं मोजमाप. चरबी महाविद्यालयीन मुलांत ५ टक्क्यांच्या, शाळकरी मुलांत ७ आणि मुलींत १२ टक्क्यांच्या खाली जाईल अशा वजनात त्यांना तिथे खेळता येत नाही, आणि त्या वजनापर्यंत पोचतानाही आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त घट चालत नाही. ६० किलोच्या मुलाला आठवड्यात ९०० ग्रॅम. एवढं जेवून-खाऊनही कमी करता येतं. या तपासणीतून निघालेला आकडा त्याच्या खेळाडू ओळखपत्रावर छापा. त्याखालच्या गटात त्याची नोंदच स्वीकारू नका. मग आदल्या रात्री वाफ घेऊन उपयोगच राहणार नाही.

खर्चाचा मुद्दा निघेल, म्हणून सांगते. लघवीची घनता मोजायचं यंत्र हाताच्या मुठीत मावतं, आणि मैदानावरच्या मंडपाच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही. चरबी मोजायचा चिमटा त्याहून स्वस्त. मनुष्यबळ हवं तर कोल्हापूर, मिरज, पुणे इथल्या वैद्यकीय आणि फिजिओथेरपी महाविद्यालयांची मदत मागा. यंत्राला फसवायला मुलं भरपूर पाणी पिऊन येतील, असं काहीजण म्हणतील. येऊ द्या. पाणी पिऊन आलेल्या मुलाचं वजन जास्त भरेल, त्यात त्याचं नुकसान नाही.

स्पर्धेच्या जागी प्लास्टिकचे सूट आणि हीटरच्या खोल्या दिसल्या तर तालमीला ताकीद द्या, मुलाला नव्हे. वजन लढतीच्या दोनेक तास आधी घ्या. काही ठिकाणी अजूनही आदल्या दिवशी घेतात आणि मधली रात्र सलाईनवाल्याच्या हवाली होते. काट्याजवळ एक डॉक्टर बसवा आणि त्याने थांबवलेल्या मुलाला कोणाचाही फोन आला तरी खेळवू नका. सतरा वर्षांखालच्या स्पर्धांत काही किलोंची सवलत सरसकट ठेवा. हे शेवटचं तर पुढच्याच स्पर्धेपासून करता येईल, त्याला ना यंत्र लागतं ना निधी.

वस्तादांसाठी एक गोष्ट वेगळी लिहिते, नियम होईपर्यंत उपयोगी पडेल अशी. मेहनत करताना मुलगा असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, उगाच भांडायला लागला, तर घाम येतोय की नाही ते बघत बसू नका. उष्माघातात घाम येतही असतो. कपडे काढा, सावलीत घ्या, हौद, टाकी, बर्फ, जे असेल त्याने मानेपासून पायापर्यंत थंड करा. पाच मिनिटं गाडी शोधण्यात घालवण्याआधी पाच मिनिटं थंड करण्यात घालवा, आणि गाडी आली तरी वाटेत पाणी ओतत राहा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तालमीत बर्फ मिळेल अशी एक जागा आणि एका डॉक्टरचा नंबर भिंतीवर रंगवून ठेवा.

येत्या हंगामाआधी तुम्ही तपासणी ठरवलीत, तर माझ्या तालुक्यातल्या सगळ्या तालमींचं काम मी विनामूल्य करेन. माझ्याबरोबर यायला तयार असलेले आणखी काही डॉक्टर आहेत. त्यांची यादी आणि तपासणीचा तक्ता मी जिल्हा तालीम संघाच्या कार्यालयात वेगळ्या पत्रासोबत दिला आहे. तारीख कळवा.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावची एक डॉक्टर